बहिणीचा वाटा

दोन वर्षांपूर्वी वडील वारले. त्यांच्या नावावर दीड एकर जमीन. आजोबांकडे ती महारकीच्या वतनात होती. 1958 च्या कायद्याने वतन गेले, तेव्हा पैसे भरून ती नावावर करून घेतली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि चुलत्यांनी हक्कसोडपत्राचा विषय काढला. थोरली बहीण लगेच म्हणाली, “कुठं सही करू, सांग.” तिच्याच रोजंदारीतून माझी कॉलेजची फी भरली गेली होती. मी कागद पुढे केला नाही. का केला नाही, ते चुलत्यांना त्या दिवशी नीट सांगता आले नाही. म्हणून येथे मांडतो.

माणूस गेल्यावर त्याची मालमत्ता कोणाची? आपल्याच देशात या प्रश्नाची तीन उत्तरे आहेत.

रूढी म्हणते, मालमत्ता कुळाची आणि कूळ चालते मुलग्याने. मिताक्षरेने मुलाला जन्मतःच हक्क दिला. मुलीला दिली चोळी-बांगडी.

इस्लामी कायदा म्हणतो, जन्मतः हक्क कोणाचाच नाही; मृत्यूनंतर मात्र प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला. मुलीला मुलाच्या निम्मे. पुरुषावर कुटुंबाच्या पोषणाचा भार आहे, असे त्याचे कारण सांगतात. निम्मे म्हणजे समता नव्हे. परंतु ते निम्मे बापाच्या मर्जीवर सोडलेले नाही, कारण मृत्युपत्राने एक-तृतीयांशाहून अधिक देता येत नाही. रूढीने तेही हिरावले होते. 1847 साली मुंबईच्या न्यायालयाने खोजा व मेमन मुलींना रूढीच्या आधारे वारसातून वगळले. 1937 च्या शरियत कायद्याने अशा रूढी बाजूला सारल्या, पण शेतजमीन त्यातून वगळली!

तिसरे उत्तर गोव्याच्या नागरी कायद्याचे. पोर्तुगिजांनी तो 1870 मध्ये तेथे लागू केला. मुलगा-मुलगी समान, आणि मुलांसाठी राखलेला निम्मा भाग बापालाही सहसा तोडता येत नाही. पुढे 2012 चा नवा वारसा कायदा आला, तरी हे तत्त्व टिकले.

आपले काय? हिंदू वारसा कायदा जून 1956 मध्ये आला आणि ऑक्टोबरात आपण धम्म स्वीकारला. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे तो बौद्धांनाही लागू आहे. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला मुलाइतका वाटा मागितला होता. ते बिल रखडले आणि 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच जन्मतः सहहिस्सेदार व्हायला 2005 साल उजाडले.

म्हणजे कायदा आता बहिणीच्या बाजूने आहे. तरी तिचा वाटा जातो, तो हक्कसोडपत्राने.

चुलते म्हणाले, “ती राजीखुशीनं देते. दान वाईट आहे काय?” दान थोरच आहे. परंतु जे आपले आहे असे देणाऱ्याला कधी कळूच दिले नाही, त्याचे दान कसले? बहिणीला भय असते की वाटा मागितला तर माहेर तुटेल. भयाने दिलेली संमती ही संमती नव्हे. आणि दानच असेल, तर भावाने बहिणीसाठी हक्क सोडल्याचे आपण किती वेळा पाहिले?

मला अधिक बोचते ते हे. वतन म्हणजे पिढीजात गुलामी, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. आपण येसकरकी सोडली, मेलेली ढोरे ओढणे सोडले. मात्र वतनाची जमीन मुलग्यांतच वाटायची, ही त्याच व्यवस्थेची रीत जपून ठेवली. वाटणीच्या वेळी आपण पुन्हा मिताक्षरेचेच होतो. मग बावीस प्रतिज्ञांतील समतेचा अर्थ काय?

मी बहिणीला इतकेच सांगितले, “आक्का, आई, तू आणि मी. तुझ्या वाट्याला 20 गुंठे येतात. घरी जा, महिनाभर विचार कर.” महिन्याने ती आली आणि म्हणाली, “माझं नाव राहू दे.” सातबारावर आज तिघांची नावे आहेत. चुलते अजून माझ्याशी बोलत नाहीत. आक्काचे माहेर मात्र तुटलेले नाही.

आपल्या घरी असा प्रसंग येईल, तेव्हा कागद पुढे करण्याआधी बहिणीला तिच्या वाट्याचा आकडा सांगा. मग ती काय ठरवते, ते ऐका.