पाचोळ्याचे ऋण

फाल्गुन सरता सरता झाडे पाने टाकतात आणि माणसे झाडू उचलतात. चैत्र-वैशाखातले आपले बागकाम बहुधा या झाडूपासूनच सुरू होते. अंगण लोटायचे, आळी खरवडून साफ करायची, पानांचा ढीग कोपऱ्यात पेटवून द्यायचा. मग उघड्या, तापलेल्या मातीवर दोन वेळा पाणी ओतायचे आणि रोपे माना टाकतात म्हणून उन्हाला बोल लावायचा. उन्हाचा त्यात अपराध नसतो. आळ्यात वीतभर पाचोळा राहू दिला असता तर मुळांवर सावली राहिली असती, ओल टिकली असती आणि सांजवेळी एकदाच घातलेले पाणी बहुतेक झाडांना पुरले असते. पाचोळा खोडाला चिकटू देऊ नये, एवढेच पथ्य.

इतकी सोपी गोष्ट आपल्या हातून का होत नाही? अडचण ज्ञानाची नाही, शब्दाची आहे. ‘कचरा’ हा शब्द वस्तूचे वर्णन करीत नाही, तिच्यावर निवाडा देतो. पान फांदीवर असते तेव्हा ती शोभा, दारावर असते तेव्हा तोरण, आणि जमिनीवर पडले की कचरा! बदललेला असतो तो आपला त्याच्याशी असलेला मतलब. शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी कुंपणावरून आत आली, तर कैरी आपली आणि पाने मात्र त्याची, ही वाटणी आपण किती सहज करतो!

इंदूरला 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ओल राखून, अधूनमधून उलथून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी 1931 साली त्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच ‘टाकाऊ’ आणि ‘ह्यूमस’ हे दोन शब्द शेजारी बसले आहेत. अर्थात, टाकाऊ काय, हे टाकणाराच ठरवतो. मातीला तो भेद ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, कोकणातला शेतकरी राब भाजतो, तो काय अडाणी? मुळीच नाही. भाजलेल्या जमिनीत तणाचे बी मरते, राखेतले पोटॅश रोपांना मिळते. पण पानातला नत्र बराचसा धुरावाटे जातो, हेही तितकेच खरे. ज्याचे वर्षाचे भात त्या वाफ्यावर अवलंबून आहे, त्याच्या निवडीला आपण शहरातल्या खुर्चीवरून नावे ठेवू नयेत. आपण मात्र पाने जाळतो ती पोटासाठी नव्हे, दिसण्यासाठी. 2016 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली. आगीला कायद्याने अडवता येते; मनातल्या निवाड्याला कोण अडवणार?

आणि हा निवाडा वस्तूपाशी थांबत नाही, हीच खरी चिंतेची बाब आहे. वस्तू हीन ठरली की तिला हात लावणारा हीन ठरतो. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो; पण ती वर्षभर ज्या हातात असते त्या हाताला पाणी देताना पेला वेगळा काढणारी घरे होतीच ना? 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम मिळावे म्हणून अप्पासाहेब पटवर्धनांनी उपोषणाचा मार्ग धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग केले. ही दोन कामे मला वेगळी वाटत नाहीत. घाणीचे खत करणे आणि माणसावरचा ‘घाणेरडा’ हा शिक्का पुसणे, दोन्हींत खोडायचा शब्द एकच.

म्हणून मातीला पाने देणारा पुण्य करतो, असेही मी म्हणणार नाही. दान आपल्या मालकीचे असते. पान मातीतून वर आले, ऊन आणि पाणी पिऊन वाढले. त्यात आपले काय होते? आपल्या शास्त्रांनी देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली. भूतमात्रांसाठी रोजचा भूतयज्ञही सांगितला. पण पाचोळा गांडुळांच्या वाट्याला ठेवणे हा यज्ञदेखील नव्हे. ती साधी सचोटी आहे: दुसऱ्याची ठेव वाटेत न जाळता पोचती करणे.

सचोटीला व्यवहार सुटत नाही. विंचूकाट्याच्या भयाने दाराशी ढीग नको, तर तो परसात असावा. वैशाखातच खड्डे खणून ते उन्हात तापू द्यावेत. मृगापूर्वी पाचोळा, शेणखत आणि माती यांनी भरावेत, म्हणजे पहिल्या पावसाबरोबर रोप लावता येते. दिवाळीत आपण घरे झाडूनपुसून लख्ख करतो आणि ते योग्यच आहे. फक्त उंबऱ्याबाहेर काय टाकले, ते कोण उचलणार आणि त्याला आपण काय म्हणतो, एवढे तीन प्रश्न झाडूबरोबर हातात असावेत. स्वच्छ अंगण आणि स्वच्छ मन यांतले अंतर त्यांनीच मोजता येते.