माग आणि निवाडा

जो गुण सज्जनाच्या व दुर्जनाच्या हातीं सारखाच राबतो, त्याला सद्गुण म्हणावें कीं नुसतें कौशल्य म्हणावें, हा नीतिशास्त्रांतील एक जुना प्रश्न आहे. तो बहुधा मनुष्याच्या बुद्धीला किंवा वक्तृत्वाला उद्देशून विचारला जातो. परंतु मनुष्यानें बुद्धिपुरस्सर घडविलेल्या एका मुक्या प्राण्याच्या बाबतींत तो विचारून पाहिला, तर त्याची एक निराळीच बाजू दृष्टीस पडते. हा प्राणी म्हणजे ब्लडहाउंड जातीचा, माग काढणारा कुत्रा होय.

या जातीचें मूळ बेल्जममधील आर्देन अरण्यांतल्या सेंट ह्यूबर्टच्या मठांत शोधण्याची परंपरा आहे. तेथील संन्यासी असे कुत्रे पाळीत व दरसाल फ्रान्सच्या राजाकडे त्यांचा नजराणा पाठवीत, असें सांगतात. लांब लोंबते कान, कपाळावर व गालांवर सुरकुत्या पडलेलें सैल कातडें आणि उदास डोळे, असा याचा चेहरा पाहिला म्हणजे एखाद्या वृद्ध न्यायाधीशाची आठवण व्हावी. मनुष्याच्या कातडीवरून सतत झडणाऱ्या सूक्ष्म कणांचा वास जमिनीवर व गवतावर राहतो. हजार वासांतून तो एकच वास निवडून त्याच्या मागोमाग मैलच्या मैल जाण्याचें सामर्थ्य या नाकांत आहे. जॉन केयस या इंग्रज वैद्यानें १५७० सालीं ब्रिटनमधील कुत्र्यांविषयीं लॅटिन भाषेंत एक ग्रंथ लिहिला. त्यांत इंग्लंड व स्कॉटलंडच्या सरहद्दीवर गुरें चोरणाऱ्यांचा माग काढण्यास या कुत्र्यांचा उपयोग होत असल्याचें वर्णन आहे.

या कुत्र्याच्या नांवांत रक्त आहे, पण स्वभावांत नाहीं. आणि माझ्या मतें हीच त्याच्या पैदाशींतली सर्वांत विचारणीय गोष्ट आहे. मध्ययुगीन यूरोपांतील राजेरजवाड्यांच्या मृगयेंत या वर्गाच्या कुत्र्यांचें काम ठरलेलें असे. शिकाऱ्यानें त्याला दोरीला बांधून अरण्यांत न्यावें, त्यानें न भुंकतां मागावर जाऊन हरिण कोठें दडलें आहे एवढेंच दाखवावें, आणि मग पाठलाग करून त्याला लोळविण्याचें काम दुसऱ्या कुत्र्यांच्या टोळीनें करावें, अशी वांटणी होती. शोधणारा एक आणि मारणारा दुसरा! पुढील पिढ्यांतील पैदास करणाऱ्यांनीं नाक व चिकाटी यांबरोबर सौम्यपणाहि जपला. शिकविण्याची रीतहि तशीच. पिलाच्या देखत ओळखीचा माणूस पळत जाऊन झुडपाआड दडतो. पिलानें त्याला हुडकलें कीं त्याला खाऊ व शाबासकी मिळते. मनुष्य सांपडणें म्हणजे आनंद, एवढेंच त्याच्या मनावर बिंबतें. इंग्लंड-वेल्समध्यें २००४ च्या कायद्यानें टोळीनें कोल्ह्याची शिकार करण्यास बंदी झाली. परंतु ब्लडहाउंडांच्या टोळ्या पुढें धांवणाऱ्या स्वयंसेवकाचा माग काढतात, आणि ती शिकार त्या ‘सावजा’चें तोंड चाटण्यांत संपते.

याच्या उलट उदाहरण क्यूबा बेटाचें. तेथें पळालेल्या गुलामांस पकडण्यासाठीं जे कुत्रे वाढविले, त्यांनाहि लोक ब्लडहाउंडच म्हणत. पण त्यांचें रक्त निराळें होतें व शिक्षण त्याहून निराळें होतें. तेथें शोधणें व फाडणें हीं दोन कामें एकाच जबड्यांत एकत्र केलीं होतीं. १७९५ सालीं जमेकांतील मरून लोकांचें बंड मोडण्यासाठीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं असे सुमारें शंभर कुत्रे क्यूबाहून आणविले. १८०३ सालीं, आज ज्याला हैती म्हणतात त्या वसाहतींत, फ्रेंच सेनापति रोशांबो यानें कृष्णवर्णीयांविरुद्ध त्यांचा जो उपयोग केला, तो वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो.

कुत्रा निरपराध आहे, दोष दोरी धरणाऱ्याचा, असें यावर कोणी म्हणेल. हें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. कोणतें पिलूं ठेवावयाचें, कोणाशीं कोणाचा संयोग करावयाचा, कोणत्या कृत्याबद्दल पाठ थोपटावयाची, हे सर्व निर्णय मनुष्याचे आहेत. कुत्र्याच्या दांतांत जें दिसतें तें आधीं मालकाच्या मनांत असतें. यास्तव पैदास ही नीतिनिरपेक्ष कला नव्हे. ती पिढ्यानपिढ्या चालणारी एक इच्छा आहे.

परंतु सौम्य कुत्रा घडविला म्हणजे जबाबदारी संपली, असेंहि नाहीं. कुत्रा खोटें बोलत नाहीं, म्हणून त्याचें नाक हीच साक्ष मानण्याचा मोह मनुष्याला होतो. अमेरिकेंतील केंटकी राज्याच्या न्यायालयानें १८९८ सालीं असा पुरावा घेण्यास अटी घातल्या. त्यांत कुत्रा शुद्ध जातीचा असावा व त्याची परीक्षा झालेली असावी, असें होतें. १९०३ सालीं नेब्रास्काच्या न्यायालयानें असला पुरावा नाकारला. तथापि मोह सुटला नाहीं. टेक्सासमधील २००४ सालच्या एका खुनाच्या प्रकरणीं, तीन वर्षांनीं, ब्लडहाउंडांना मृताच्या कपड्यांचा वास देऊन निरनिराळ्या माणसांच्या वासांचे डबे हुंगविण्यांत आले. कुत्रे ज्याच्या डब्यापाशीं थांबले तो दोषी ठरला. २०१० सालीं त्या राज्याच्या श्रेष्ठ फौजदारी न्यायालयानें, एवढ्या पुराव्यावर कोणास दोषी ठरवितां येत नाहीं, असा निर्णय देऊन त्याला निर्दोष ठरविलें. पण तोंवर तो मनुष्य तुरुंगांत होता. येथें कुत्र्यानें कोणाला दांतहि लावला नाहीं. जें पूर्वीं त्याच्या जबड्यांत एकत्र केलें होतें, तेंच येथें न्यायासनावर एकत्र झालें. माग हाच निवाडा ठरला.

हे दोन व्यापार वेगळे ठेवले म्हणजे काय साधतें, याचेंहि उदाहरण त्याच देशांत आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांचा मारेकरी जेम्स अर्ल रे हा १० जून १९७७ रोजीं टेनेसींतील तुरुंगांतून पळाला. तीन दिवसांनीं डोंगरांतील रानांत पालापाचोळ्याखालीं दडलेला असतां ब्लडहाउंडांनीं त्याला शोधून काढलें, आणि तो जिवंत परत आणला गेला. ज्या दक्षिण भागांत एकेकाळीं गुलामांच्या मागावर कुत्रे सोडीत, तेथेंच कृष्णवर्णीयांच्या पुढाऱ्याचा खुनी कुत्र्यांनीं हुडकावा, हा काळाचा न्याय खरा. परंतु त्याच्या गुन्ह्याचा निवाडा न्यायालयानें १९६९ सालींच केला होता. कुत्र्यांनीं फक्त तो कोठें आहे तें सांगितलें.

आणखी एक देणें राहतेंच, तें म्हणजे खुद्द त्या प्राण्याचें. प्रदर्शनांत शोभावें म्हणून त्याचें कातडें अधिकाधिक सैल व पापण्या अधिकाधिक ओघळत्या करण्याची हौस वाढली, आणि डोळ्यांचे विकार त्याच्या वांट्यास आले. इंग्लंडच्या केनेल क्लबनें २००४ मध्यें केलेल्या पाहणींत या जातीचें मध्यम आयुर्मान पावणेसात वर्षें इतकेंच आढळलें. २०१२ पासून ज्या पंधरा जातींच्या विजेत्या कुत्र्यांना पारितोषिकापूर्वीं पशुवैद्याची तपासणी लावण्यांत आली, त्यांत ब्लडहाउंडहि होता. ज्याच्याकडून आपण दुसऱ्याचा शोध करवितों, त्याच्या दुःखाचा माग मात्र आपणांस इतक्या उशिरां लागावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आपल्या वाङ्मयांतहि माग काढणारी एक कुत्री आहे. ऋग्वेदांतील सरमा पणींनीं लपविलेल्या गाईंचा शोध लावते. ती लढत नाहीं, शोधून सांगते, पुढचें काम इंद्राचें. तीच सरमा महाभारताच्या आरंभीं पुन्हा भेटते. जनमेजयाच्या सत्रांत तिच्या पोराला त्याच्या भावांनीं मारलें असतें. त्यानें हविर्द्रव्य पाहिलें नव्हतें कीं चाटलें नव्हतें, मग त्याला शिक्षा कां, असें ती विचारते. राजसभेंत कोणी उत्तर देत नाहीं, आणि तिचा शाप त्या निरुत्तर मौनावर पडतो. जिच्या जातीचा धर्म शोधण्याचा, तिलाच हा प्रश्न सुचावा, हें मला अर्थपूर्ण वाटतें. नाक कितीहि तीक्ष्ण असो, तें अपराध हुंगूं शकत नाहीं. तें काम आपलें आहे, आणि तें कुत्र्याच्या गळ्यांत बांधून मोकळें होण्याचा अधिकार आपणांस नाहीं.