पाटी कुणाची, पत कुणाची?

मोटारसायकलच्या डीलरइतका परावलंबी श्रीमंत मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. गाडी कंपनीची, किंमत कंपनीची, पाटीचा रंगसुद्धा कंपनी सांगेल तोच. मग ह्या गृहस्थाचं स्वतःचं असं काय? तर भिंतीवरचा वडिलांचा फोटो!

आणि तरी गंमत पाहा. २०११ साली हिरो होंडाची हिरो मोटोकॉर्प झाली. जपानी भागीदार वेगळा झाला, जुन्या पाट्या उतरल्या, नव्या चढल्या. आमच्या तालुक्यातली गिऱ्हाइकं मात्र त्याच दारात जाऊन 'हिरोहोंडाच द्या' म्हणत राहिली. पाटी वाचून दुकानात शिरणारा माणूस निराळा आणि दार ओळखून शिरणारा निराळा.

असेच एक डीलर (नाव सांगत नाही, खातं आमच्याच शाखेत आहे) कर्जाचा अर्ज घेऊन आले. मी साधा क्लार्क. कर्ज मंजूर करायचा अधिकार मला नाही, पण अर्ज वाचण्याचा आहे आणि तो मी चहासकट बजावतो.

"आता आपला स्वतःचा ब्रँड करायचाय, साहेब," शेठ म्हणाले. चिरंजीव शिकून आले होते. शेठच्या आडनावाचं बोधचिन्ह, तेच टोपीवर, तेच कीचेनवर. दसऱ्याला गाडी नेणाऱ्याला पेढ्याऐवजी चॉकलेट. लिंबू मात्र चाकाखाली ठेवायचं ठरलं होतं. तिथे चिरंजीवांचंही धाडस झालं नसावं.

"पण शेठ, लोक तुमच्याकडेच का येतात?"

शेठ जरा थांबले. "तसं म्हटलं तर... मिस्त्रीमुळे."

ह्या मिस्त्रीला मीही ओळखतो. वीस वर्षं तो एकच वाक्य बोलत आलाय, "हे बदलायला नको, अजून सहा महिने जाईल." चेन सैल झाली तर ताणून देतो, प्लग काळा पडला तर घासून बसवतो. त्या एका वाक्यापायी शेठच्या काउंटरवरचे किती सुटे भाग विकायचे राहिले असतील, देव जाणे!

कॉमर्सला आम्हांला 'गुडविल' नावाचं प्रकरण होतं. हिशेबाचं २६ नंबरचं प्रमाणक म्हणतं, दुसऱ्याचा चालू धंदा घेताना मोजलेलं गुडविल ताळेबंदात दाखवा, स्वतः कमावलेलं दाखवू नका. कारण त्याचा खर्च नीट मोजता येत नाही आणि ते धंद्याच्या ताब्यात आहे असंही म्हणता येत नाही. ताब्यात! शेठचं गुडविल तर मिस्त्रीच्या जिभेवर. उद्या त्याने कोपऱ्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं तर? पण म्हणून ते एकट्या मिस्त्रीचं, असंही माझ्याच्याने म्हणवत नाही. वीस वर्षं शेठने ते वाक्य ऐकलं आणि एकदाही त्याला दटावलं नाही. गप्प बसण्याचीही काही किंमत असतेच की. ती कुणाच्या खात्यावर जमा करायची?

चिरंजीवांनी तो प्रश्न निकालात काढला होता. अर्जाला जोडलेल्या योजनेत, दर सर्व्हिसिंगमागे सुटे भाग किती रुपयांचे खपले पाहिजेत, त्याचं टार्गेट होतं.

तारणाच्या रकान्यात मी शेठची जमीन लिहिली. पुढचा रकाना नोकरांच्या पगाराचा. मिस्त्रीचा आकडा ऐकून मी पुन्हा विचारलं. तोच होता. बोधचिन्ह काढणाऱ्या पुण्याच्या माणसाचं बिल त्याच अर्जाला जोडलेलं होतं. मिस्त्रीचा आठ महिन्यांचा पगार त्यात सहज बसला असता.