झोपलेल्याची संमती

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. माणूस झोपला तरी त्याचा कान थोडाफार जागाच असतो. म्हणून तर पहाटेची एस.टी. गाठायची असली की आपण गजराचे घड्याळ उशाशी ठेवतो. या उघड्या दाराने वैद्यकाला आत शिरता येईल काय, आणि येत असले तरी शिरावे काय, हा प्रश्न अपस्माराच्या बाबतीत गेली काही वर्षे विचारला जात आहे.

अपस्मार म्हणजे आपल्या बोलीतले फेफरे, मिरगी, किंवा नुसतेच ‘फिट येणे’. मेंदूतल्या पेशी एरवी आपापल्या तालात बोलत असतात. त्यांतल्या पुष्कळशा एकदम, एका सुरात ओरडू लागल्या की झटका येतो. झोपेशी या आजाराचे नाते चमत्कारिक आहे. जागरण केले तर झटक्याची भीती. आणि स्वस्थ झोपावे, तर त्या गाढ झोपेतच कित्येकांच्या मेंदूच्या आलेखावर टोकदार काटे वाढू लागतात.

१९९८ साली शिकागोच्या जॉन ह्यूज यांनी २९ रुग्णांना मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक सोनाटा ऐकवली. २३ जणांच्या आलेखावरचे काटे कमी झाले, आणि त्यांत बेशुद्ध असलेलेही होते. म्हणजे आवडीनिवडीचा, रसिकतेचा इथे संबंधच उरला नाही! पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मेंदूचे अपंगत्व आणि अपस्मार दोन्ही असलेली ७३ माणसे होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले आणि एका गटाला वर्षभर, रोज रात्री, झोपेत अधूनमधून हीच सोनाटा ऐकवली. त्या वर्षी त्यांचे झटके सरासरी २४ टक्क्यांनी, आणि ऐकवणे थांबवल्यानंतरच्या वर्षी ३३ टक्क्यांनी घटले, असे संशोधकांनी नोंदवले. २०२१ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन येथील संशोधकांनी तर संगीतही वगळले. लहानपणी होणाऱ्या एका सौम्य अपस्माराच्या मुलांना त्यांनी झोपेतल्या संथ लाटेचा नेमका क्षण साधून बारीकसा आवाज ऐकवला, आणि काटे उणावले. मात्र आलेखावरचा काटा म्हणजे झटका नव्हे, हे विसरता कामा नये.

आता दुसरी बाजू. ती सोनाटा मोझार्टने १७८१ साली व्हिएन्नात लिहिली. त्याच व्हिएन्नाच्या विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०२३ साली हे सारे अभ्यास एकत्र तपासले आणि सांगितले, की सोनाटेच्या गुणाला भक्कम आधार सापडत नाही. रुग्ण थोडे, नोंदी अपुऱ्या.

यावर कोणीही समंजस माणूस म्हणेल, “ऐकवून पाहायला काय हरकत आहे? गुण आला तर आला.” हे वाक्य मला धोक्याचे वाटते. झटका आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणारेही हेच म्हणतात. आवाजाने अपाय नाही म्हणावे, तर ज्यांना संगीतानेच झटका येतो अशा रुग्णांचे वर्णन क्रिचली या इंग्रज वैद्याने १९३७ सालीच करून ठेवले आहे. असे लोक थोडे, पण आहेत. आणि सुरांच्या भरवशावर गोळ्या सुटल्या, तर मग बोलायलाच नको.

पण समजा, गुण येतो. तरीही झोपलेल्या माणसाच्या मेंदूत त्याला न विचारता हात घालावा काय? वाचक म्हणतील, अंगाई म्हणणारी आई कुठे परवानगी काढते? खरे आहे. आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी घरात अंगाई आणि शेजारच्या अज्जीकडून जोगुळ ऐकले. कोणती भाषा हवी, असे त्यांना कोणी विचारले नाही. पण अंगाई म्हणणारी स्वतः ऐकतही असते. पोराने कूस बदलली की तिचा आवाज उतरतो, श्वास लागला की ती थांबते. ट्युबिंगेनच्या यंत्रालाही कान आहेत म्हणा, पण ते लाट ऐकते. लाट ज्याची आहे त्याला ओळखत नाही.

म्हणून मला वाटते, ज्याला बोलता येते त्याला दिवसा विचारावे, आणि दिवसाचा नकार रात्रीही पाळावा, मग तो आपल्याला कितीही हट्टी वाटो. अडचण अशी, की दिवसा विचारायचे तर आजाराचे नाव दिवसा घ्यावे लागते. आपल्या घरांत ते घेतले जात नाही. १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख निघाला, पण स्थळे पाहणाऱ्यांच्या मनातून तो निघालेला नाही. मुलीच्या गोळ्या डब्याच्या तळाशी जातात. अशा घरात तिच्या निजण्याच्या खोलीत हळूच सूर लावून देणे फार सोयीचे. औषधही झाले आणि बोलावेही लागले नाही. उपचाराच्या नावाखाली ही गुप्तताच आणखी एक रात्र जगते.

आणि ज्याला बोलताच येत नाही? त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी होकार द्यायचा. पण होकार देणाऱ्याने निदान जवळ असावे. अपस्माराच्या काही रुग्णांना रात्री झोपेत अचानक मृत्यू येतो, आणि खोलीत कोणी सोबत असेल किंवा रात्री कोणी ऐकत असेल तर हा धोका कमी असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. झोपलेल्याच्या कानी कोणता सूर घालावा याची चर्चा आपण हौसेने करतो. त्याच्या घशातून निघणारी घरघर ऐकायला मात्र शेजारच्या अंथरुणावर कोणी तरी निजलेले लागते, आणि मधले दार उघडे.