परिचारकाचे चार गुण

भूमि-अभिलेखांच्या दप्तरात तेरा वर्षे फेरफारांच्या नोंदी तपासण्यात ज्याची उमेद खर्ची पडली, अशा माझ्या एका स्नेह्याने, वडिलांच्या दीर्घ आजारात त्यांच्या उशाशी अनेक रात्री जागविल्यानंतर, नोकरीचा राजीनामा देऊन परिचर्या शिकण्याचा मनोदय मजपाशी व्यक्त केला. परिचर्येच्या तीन वर्षांच्या पदविकेस प्रवेशाची वयोमर्यादा पस्तीस वर्षांची. म्हणजे आणखी सात महिन्यांनी हा गृहस्थ सरकारी नियमाने म्हातारा ठरणार, आणि वानप्रस्थाचे शास्त्र मात्र त्याला अद्याप तरुण मानणार! त्याला चिंता होती ती वेगळीच. गीतेने भयावह म्हटलेला परधर्म तो हाच तर नव्हे?

स्वधर्म म्हणजे जन्माने आलेला व्यवसाय, असे क्षणभर मानले, तरी कारकुनी कोणाच्या जन्माबरोबर आली आहे? तेव्हा ती सोडल्याने अधर्म घडेल, हे भय मला निराधार वाटते. खरे भय दुसरेच आहे. ज्याला आपले आयुष्य निष्फळ वाटू लागले, तो सेवेकडे वळतो तेव्हा रोगी हा त्याच्या चित्तशुद्धीचे साधन होऊन बसण्याचा संभव असतो. आणि वेदनेने तळमळणाऱ्या मनुष्याला आपल्या मोक्षाच्या पायरीचा दगड करणे, यासारखा सोज्ज्वळ दिसणारा स्वार्थ दुसरा नसेल.

या बाबतीत चरकाचार्यांची दृष्टी मला फार निर्मळ वाटते. चिकित्सेच्या चार पादांत वैद्य, औषध व रोगी यांच्या जोडीला परिचारकाला स्थान देऊन त्याचे चार गुण ते सांगतात: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. प्रेम तिसरे आहे. ज्ञान व कौशल्य त्याच्या आधी येतात. कलकत्त्याच्या शाळेतील दीर्घकाळचे अध्यापन सोडून १९४८ साली, अडतिसाव्या वर्षी, दरिद्री वस्त्यांकडे निघालेल्या मदर तेरेसांनीही प्रथम पाटण्याच्या होली फॅमिली रुग्णालयात जाऊन रुग्णसेवेचे प्राथमिक शिक्षण घेतले, ते करुणेची उणीव होती म्हणून खचित नव्हे. वेतनाविषयीही मी असेच म्हणेन. निष्काम सेवेच्या नावाखाली परिचारिकांना तुटपुंज्या पगारावर राबविणाऱ्या संस्थाचालकांनी निष्कामतेचा प्रयोग आधी स्वतःच्या हिशेबवहीवर करावा.

एवढे सगळे ऐकून घेतल्यावर स्नेही बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "शय्याव्रण होऊ नयेत म्हणून अण्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागे. मी वळविले की ते कण्हत. रात्रपाळीच्या सिस्टर यायच्या, माझ्याहून वयाने कितीतरी लहान. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि अण्णांची झोपसुद्धा मोडत नसे. माझे त्यांच्यावर प्रेम होते हो. पण ते वळविणे मला येत नव्हते."

प्रवेशाची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे, एवढेच मी त्याला विचारले.