ट्रंकेतले झबले



इस्राएल लोकांनी यार्देन नदी ओलांडली तेव्हा यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून आणायला लावले. दगडांची तिथे काय वानवा होती? पण पुढे मुलांनी या दगडांविषयी विचारले, म्हणजे वडिलांनी नदी कशी ओलांडली ते त्यांना सांगावे, यासाठी ते गिलगाल येथे रचून ठेवले.

आपल्या घरांतही असे दगड असतात. बाप्तिस्म्याची मेणबत्ती, मणी झिजलेली आजीची रोझरी, वडिलांनी आखातातून पाठवलेली पत्रे. जुने घर पाडताना पहिली गदा येते ती यांच्यावर. फ्लॅटमध्ये जागा नसते हे खरेच. सगळेच ठेवा असे आम्ही म्हणत नाही. लाईटची बिले नि फुटके डबे खुशाल जाऊ द्यात.

मध्यंतरी एका नव्या घराला आशीर्वाद द्यायला आम्ही गेलो. सगळे आनंदात, आजी मात्र गप्प. सामान हलवताना तिची पत्र्याची ट्रंक भंगारवाल्याला दिली गेली होती. “जुने कपडेच होते, फादर,” मुलगा म्हणाला. जरा वेळाने आजी हळूच बोलली. त्यात एक पांढरे झबले होते, तिच्या पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्याचे. बाळ अकरा दिवस जगले. घरात कुणालाच हे ठाऊक नव्हते. तिने सांगितले नाही, कुणी विचारलेही नाही. (तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत.)

पवित्र मरियेने सर्व गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या, असे संत लूक दोनदा सांगतो. पण तिने त्या कधीतरी कुणाला सांगितल्या असणार, म्हणून तर त्या आपल्यापर्यंत आल्या.

ट्रंक काही परत मिळाली नाही. बाप्तिस्म्याची आणि विवाहाची नोंद ठेवण्याचा नियम १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने केला, त्याचे मोल आम्हाला त्या दिवशी कळले. चर्चचे जुने रजिस्टर उघडले. फिकट शाईत बाळाचे नाव होते. मुलाने ते मोठ्याने वाचले. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाला आपल्या थोरल्या भावाचे नाव पहिल्यांदाच कळत होते.

या आठवड्यात घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून कपाट उघडा. वस्तू कुणाची, केव्हाची, का ठेवली, ते चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत ठेवा. फोटोंमागे नावे पेन्सिलीने लिहा; पेनची शाई पुढे उमटते. आणि २ नोव्हेंबरच्या मृतांच्या मिस्सासाठी नावे देण्यापूर्वी आजीला एकदा विचारा, कुणी राहिले का?