ऊस कोणी गोड केला?

गळीत हंगाम सुरू झाला की सोमेश्वरनगरच्या हॉटेलांत बोलणं आकड्यांत चालतं. ८६०३२ एकरी किती टन पडला, खोडव्याला काय उतारा लागला, २६५ चोपणात कसा तगला. वही कुणी काढत नाही, सगळं तोंडपाठ असतं. को ८६०३२ या जातीला महाराष्ट्रात ‘नीरा’ हे याच भागातल्या नदीचं नाव मिळालं. फुले २६५ तर नदीपलीकडच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा. ‘को’ म्हणजे कोइमतूर, हेही जुनी माणसं सांगतात. पण कोइमतूरच्या त्या ऊस पैदास केंद्रात १९३४ ते १९३९ या काळात उसाची गुणसूत्रं मोजत बसलेल्या एक बाई होत्या, त्यांचं नाव इथल्या शिवारात क्वचितच कुणी ऐकलेलं असतं.

ई. के. जानकी अम्मल. जन्म १८९७, केरळातल्या तलश्शेरीचा. १९३१ साली त्यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. कोइमतूरला त्यांचं काम उसाच्या पैदाशीशी जोडलेलं होतं. शेतकऱ्याच्या लेखी उसाला तुरा आला की वाढ थांबली, वजन घटलं. पैदासकाराचं सगळं भांडवल मात्र त्या तुऱ्यात असतं, कारण परागीकरण तिथेच होतं. संकर जमला की नाही हे पेशीत शिरून पाहावं लागतं. मुळाचं कोवळं टोक कापायचं, रंगवायचं, काचपट्टीवर दाबून पातळ करायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक गुणसूत्र मोजायचं. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात, लागवडीच्या उसात शंभराच्या वर. मका, बांबू अशा लांबच्या सोयऱ्यांशी उसाचा संकर केला तर त्या गर्दीत नेमकं काय घडतं, हे जानकी अम्मल यांनी अभ्यासलं. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि १९४५ साली सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश त्यांनी सिद्ध केला.

ऊसपट्ट्यात घरोघरी पोचावं असं हे काम. ते का पोचलं नाही, याचं उत्तर विज्ञानातल्या बाईकडे छापील जगाने कसं पाहिलं, त्या इतिहासात आहे.

सुरुवात नवलाने झाली. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियातून एम. डी. झाल्या आणि बाईने समुद्र ओलांडला हीच मोठी बातमी ठरली. १८८७च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, तेव्हा त्यांना २२ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. मराठी मनात त्या राहिल्या त्या मुख्यतः श्री. ज. जोशी यांच्या १९६८च्या कादंबरीमुळे आणि २०१९च्या चित्रपटामुळे. दोन्हींचं नाव ‘आनंदी गोपाळ’. नवराबायकोची ती विलक्षण गोष्ट सांगायलाच हवी होती. पण आनंदीबाईंनी पदवीसाठी हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला, परदेशी प्राध्यापकांपुढे आपल्याकडचं वैद्यकज्ञान मांडलं, हे किती वाचकांना ठाऊक असतं? प्रवास लक्षात राहिला आणि प्रबंध विसरला गेला.

हा दोष एकट्या मराठीचा नाही. १९६४ साली डोरोथी हॉजकिन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या रेणूंची रचना त्यांनी क्ष-किरणांनी उलगडली होती. ब्रिटनमधल्या एका वर्तमानपत्राने मथळा दिला, ऑक्सफर्डच्या गृहिणीला नोबेल.

नवल ओसरलं आणि संघर्षाची कहाणी आली. तिचं मराठीतलं ठळक उदाहरण म्हणजे कमला सोहोनी, दुर्गा भागवतांच्या भगिनी. १९३३ साली त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर पारखून बघू, या अटीवर त्यांना आत घेतलं गेलं. हा प्रसंग छापलाच पाहिजे, कारण बंद दार हीसुद्धा बातमी असते, आणि स्वतः कमलाबाईंना तो अपमान उतारवयातही सलत होता.

मात्र बहुतेक लेख त्या दाराशीच थांबतात. आत गेल्यावर त्यांनी काय केलं? दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. केंब्रिजला जाऊन बटाट्यावर काम करताना ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असतं आणि त्यांच्या श्वसनात ते भाग घेतं, हे दाखवून दिलं. त्यावरचा त्यांचा १९३९चा प्रबंध उणापुरा ४० पानांचा. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर, म्हणजे ताडामाडाच्या गोड रसावर काम केलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना त्यातून काय मिळू शकतं, हे मोजलं. प्रथिनं, नीरा, कुपोषण. महाराष्ट्राच्या ताटाशी इतकं जवळचं विज्ञान दुसरं कोणतं असणार? तरी त्यांच्यावरच्या लेखातला सगळ्यात मोठा प्रसंग रामन यांचाच असतो. त्यांच्या गोष्टीतही मध्यभागी पुरुष येऊन बसतो.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या बाबतीत स्कूटर मध्ये येते. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई, हे वाक्य त्यांच्यावरच्या लेखात हमखास सापडतं. १९२७ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये त्या ऑयगेन फिशर यांच्या विद्यार्थिनी होत्या. गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व कवट्यांच्या मापांतून सिद्ध व्हावं, ही त्या मार्गदर्शकाची अपेक्षा. इरावतीबाईंनी मापं घेतली आणि आकडे तसं सांगत नाहीत, असं लिहून दिलं. नाझी सत्तेवर येण्याच्या उंबरठ्यावर, परक्या देशात, पंचविशीच्या आतबाहेरच्या मराठी मुलीने गुरूला आकड्यांनी दिलेला हा नकार. त्यापुढे स्कूटर फार लहान वाटते.

अशा वर्णनांनी मुलांच्या मनात काय चित्र बसतं, हे डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं. ४८०७ मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं होतं. बाई काढली फक्त २८ जणांनी आणि त्या सगळ्या मुलीच होत्या.

पुढे बायका स्वतः बोलू लागल्या. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांनी राम रामस्वामी यांच्यासोबत २००८ साली भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांवरचं ‘लीलावतीज् डॉटर्स’ हे पुस्तक संपादित केलं. त्यामुळे पत्रकारांच्या हाती नावं आली, कामाची वर्णनं आली.

आणि मग २४ सप्टेंबर २०१४ उजाडला. मंगळयान कक्षेत पोचलं आणि इस्रोतल्या रेशमी साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या, एकमेकींना मिठ्या मारणाऱ्या बायकांचा फोटो जगभर गेला. बुटक्या, टकल्या शास्त्रज्ञाच्या साच्याला तो मोठाच धक्का होता. पण फोटोतल्या बायका कार्यालयीन कर्मचारी असल्याचं इस्रोने नंतर स्पष्ट केलं. मोहिमेवर राबलेल्या नंदिनी हरिनाथ, रितू करिधल, मीनल रोहित या शास्त्रज्ञ त्या फोटोत नव्हत्या. गजरा दिसला, तेवढ्यावर त्या कोण हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

२०२०च्या मार्चमध्ये हेच वेगळ्या रूपात दिसलं. पुण्याच्या मायलॅबमध्ये मीनल दाखवे भोसले यांच्या चमूने करोना चाचणीचं किट सहा आठवड्यांत तयार केलं. किट तपासणीला दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्या बाळंत झाल्या. बाळाची बातमी गावोगाव पोचली, आणि घाबरलेल्या त्या दिवसांत माणसांना तिने धीरही दिला. विषाणूचा आरएनए किट कसं ओळखतं, चाचणी खोटी का ठरू शकते, हे मात्र सांगायचं राहिलं. त्याच महिन्यांत घरोघरी लोकांना नेमकं तेच जाणून घ्यायचं होतं.

माय होणं हा जणू बाईच्या ज्ञानाचा परवानाच झाला आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचं बी जपलं, वाढवलं, वाटलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ‘बीजमाता’ या बिरुदात माया आहे, यात शंका नाही. पण कोणता वाल कोणत्या मातीत येतो, बियाणं राखेत का ठेवायचं, हे पारखून घेतलेलं ज्ञान आहे. देशी बी सांभाळणाऱ्या पुरुषाला कुणी बीजपिता म्हणत नाही.

हल्ली जानकी अम्मल यांच्यावरही लेख येतात आणि त्यांत त्यांना भारताचा ऊस गोड करणारी बाई म्हटलं जातं. वाचायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. कोइमतूरचा को २०५ हा संकरित ऊस १९१८ सालीच शेतकऱ्यांच्या हाती आला होता, बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांच्या खटपटीतून. त्यानंतर १६ वर्षांनी जानकी अम्मल तिथे रुजू झाल्या. आधी उपेक्षा आणि नंतर न केलेल्या कामाचं श्रेय, दोन्हींत गुणसूत्रं मोजण्यातली त्यांची खरी हुकमत झाकली जाते.

कामाऐवजी बाईपणाभोवतीच फिरणाऱ्या लेखनाला लगाम म्हणून अमेरिकेत एक कसोटी निघाली. २०१३ साली अॅन फिंकबायनर या विज्ञानलेखिकेने ठरवलं की स्त्री-शास्त्रज्ञावर लिहिताना ती बाई आहे, नवरा काय करतो, मुलांना कोण सांभाळतं, ती पहिलीच का, यातलं काही लिहायचं नाही. तिच्या नियमांवरूनच ही फिंकबायनर कसोटी. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उपग्रहांचं इंजिन घडवणाऱ्या इव्हॉन ब्रिल यांच्या मृत्युलेखाची सुरुवात त्यांच्या स्वयंपाकाने केली आणि टीका झाल्यावर ती बदलली.

ही कसोटी नीरा खोऱ्यातल्या कोणत्याही जिल्हा पुरवणीला लावून पाहावी. शेतकऱ्याच्या लेकीची गगनभरारी, असा मथळा असतो. बापाची जमीन किती, आईने काय सोसलं, सासरने कशी साथ दिली, सत्कार कोणाच्या हस्ते झाला, सगळं असतं. ते खोडत गेलं की खाली एक ओळ उरते, सध्या ती बंगळुरूला संशोधन करत आहे. कशावर, ते नसतं. वाचकाला कळणार नाही म्हणून गाळलं, असं कारण दिलं जातं. त्याच अंकात शेतीच्या पानावर हुमणीच्या अळीच्या तीन अवस्था, औषधाचं लिटरला किती मिली हे प्रमाण आणि फवारणीची वेळ छापलेली असते. तो वाचक ते पेनाने खूण करत वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी रानात घेऊन जातो.